मराठी संदर्भ झोटेरोत, नोंदी ऑब्सिडियनमध्ये: कोल्हापूरच्या पाण्यावरील प्रबंधाच्या प्रकल्प नोंदी

विषय: कोल्हापूर संस्थानातली पाण्याची व्यवस्था, साधारण १८८० पासून १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत. साधनं तीन प्रकारची आहेत. मोडी कागदांचे फोटो, देवनागरी ग्रंथ आणि इंग्रजी अहवाल. यंत्र: विंडोजचा जुना लॅपटॉप, ८ जीबी रॅम, आणि एक अँड्रॉइड फोन. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर त्यांच्यासाठी या नोंदी ठेवते आहे. झोटेरो म्हणजे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर, ऑब्सिडियन म्हणजे नोंदी लिहून एकमेकींना जोडणारं. ती कशी उतरवायची ते लिहिलेलं नाही. जिथे अडलं तेवढंच लिहिलं आहे.

९ जून २०२५

आजची स्थिती: ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘सरांना दाखवायचं’ आणि ‘खरं नवीन’ असे चार फोल्डर. एकाच अहवालाच्या तीन प्रती, तिन्हींवर वेगवेगळ्या ठिकाणी रेघा. टिपणं वर्डमध्ये, काही वहीत, काही स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सॲप संदेशांत.

ठरवलं ते असं. ग्रंथ, लेख, कागद आणि त्यांवरच्या रेघा झोटेरोत ठेवायच्या, माझं स्वतःचं लिखाण ऑब्सिडियनमध्ये. सगळं झोटेरोतच का नाही? कारण तिथलं टिपण बहुधा एका ग्रंथाच्या पोटात जातं. माझ्या कामात कळंबा तलाव पाच वेगळ्या साधनांत येतो आणि मला एक जागा हवी आहे ती कळंब्याची, ग्रंथाची नव्हे. ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक नोंद ही साधी मजकुराची फाइल असते, उद्या ते बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडेल. दोन्ही फुकट आहेत.

झोटेरोच्या माहितीचा फोल्डर लॅपटॉपवर जिथे मुळात असतो तिथेच ठेवला. कॉलेजातल्या एका सहकाऱ्यांनी तो क्लाऊडशी जोडलेल्या फोल्डरात हलवला होता आणि त्यांचा डेटाबेस खराब झाला. झोटेरोवालेही तसं करू नका असंच सांगतात. नोंदींचं सिंक झोटेरोच्या खात्यातून फुकट होतं, पण फाइलींसाठी फुकट जागा ३०० एमबीच मिळते. माझे मोडीचे फोटो एका आठवड्यात तेवढे होतात. २ जीबीला वर्षाला २० डॉलर पडतात. ते न घेता फाइलींचं सिंक बंद केलं, नोंदींचं चालू ठेवलं आणि फाइलींसाठी बाहेरची डिस्क घेतली. एक टीबी, साडेचार हजारांच्या आसपास.

१२ जून

झोटेरोत आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला क्रमांक) टाकला की ग्रंथाची माहिती आपोआप भरते, हे इंग्रजी पुस्तकांना उत्तम चालतं. मराठी पुस्तकं परदेशी ग्रंथालयांच्या तालिकांतून येतात आणि तिथे नावं रोमन लिपीत, शेवटचा अ-कारही लिहून नोंदवलेली असतात. त्यामुळे जाधव आडनावाचे लेखक ‘जाधवा’ म्हणून आले. लेखांच्या माहितीतून तेच गृहस्थ नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने आले आणि हाताने भरलेल्या नोंदीत देवनागरीत होतेच. एका माणसाचे तीन झाले. दुहेरी नोंदी शोधण्याची सोय झोटेरोत आहे, पण लिपी बदलली की तिला त्या दोन वेगळ्याच वाटतात.

संध्याकाळ यातच गेली. आता नियम असा: मुखपृष्ठ ज्या लिपीत, नाव त्या लिपीत. भाषेच्या रकान्यात मराठी किंवा इंग्रजी प्रत्येक वेळी भरायचंच, पुढे गाळणी लावायला तोच रकाना उपयोगी पडतो. आयएसबीएनने आणलेली मराठी नोंद पुस्तक समोर ठेवून पुन्हा लिहायची. खरं तर सरळ हाताने भरणंच लवकर होतं.

आद्याक्षरांचं: ‘रा. ग.’ हे नावाच्या रकान्यात, आडनाव आडनावाच्या. संस्थानच्या कचेरीने काढलेल्या कागदाला लेखक नसतो. तिथे दोन रकान्यांऐवजी एकच रकाना निवडून कचेरीचं पूर्ण नाव लिहायचं, नाहीतर सूचीत कचेरीचंही आडनाव तयार होतं.

१६ जून

आज तारखा. ही नोंद लांबणार.

जुन्या ग्रंथांवर शक असतो. शके १८२४ म्हणजे इ. स. १९०२. तारखेच्या रकान्यात मी ‘शके 1824’ लिहिलं होतं. झोटेरोने त्यातला चार आकडी भाग वर्ष म्हणून उचलला आणि शाहू महाराजांच्या काळातला ग्रंथ पेशवाईनंतर लगेचच्या काळात जाऊन बसला. वर्षाप्रमाणे लावलेली यादी पाहिली तेव्हा हे दिसलं, नाहीतर तळटीपेत तसंच गेलं असतं. दुसरं, वर्ष देवनागरी आकड्यांत लिहिलं की वर्षाचा रकाना कोराच राहतो. आकडे इंग्रजीच हवेत.

तेव्हा तारखेच्या रकान्यात इसवी सन, इंग्रजी आकड्यांत. मूळ ग्रंथावर जे छापलं आहे ते जसंच्या तसं ‘एक्स्ट्रा’ रकान्यात. शकात ७८ मिळवून मोकळं होता येत नाही. शक चैत्रात सुरू होतो, म्हणून पौष-माघ-फाल्गुनाच्या कागदाला बहुधा ७९ मिळवावे लागतात. शके १८२४ च्या माघातला कागद १९०३ चा.

मोडी कागदांवर फसली किंवा सुहूर सन येतो. दोन्ही मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतात. फसलीत जून ते डिसेंबर ५९० आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ५९१ मिळवायचे. सुहूरला ५९९ आणि ६००. हे कोष्टक मी ऑब्सिडियनमध्ये ‘सन बदल’ नावाच्या नोंदीत टाकून पिन केलं आहे. महिना वाचता येत नसेल तर वर्ष ठरवत नाही, ‘संशयित’ असा टॅग लावते. आधी भरलेल्या सगळ्या नोंदींची वर्षं परत तपासावी लागली. तारखेचा नियम पहिल्या दिवशी ठरवला असता तर हे दोन दिवस वाचले असते.

२१ जून

झोटेरोला बेटर बिबटेक्स हे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, बसवलं. ऑब्सिडियनशी जोडणी करणाऱ्या प्लगइनला ते लागतं. प्रत्येक ग्रंथाला ते एक छोटी खूण देतं, साइट-की. देवनागरी आडनावांच्या खुणा रोमन अक्षरांत अशा तयार झाल्या की माझं मलाच कुणाचं नाव ते ओळखेना. सरळ हाताने आडनाव आणि वर्ष लिहून पक्क्या केल्या. पक्क्या केल्या नाहीत तर पुढे वर्ष दुरुस्त केल्यावर खूण बदलते आणि जुने दुवे तुटतात.

२८ जून

कॉपी केलेला मराठी मजकूर चिकटवला की चिन्हांची आणि रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोड येण्याआधी श्री-लिपी, आकृती अशा फॉन्टमध्ये जुळणी केलेल्या पुस्तकांच्या पीडीएफचा हा जुनाच आजार. डोळ्यांना देवनागरी दिसतं, आत मात्र वेगळीच अक्षरं असतात. झोटेरोत रेघ ओढली की रेघेबरोबर तीच खिचडी साठवली जाते. शोध तर चालतच नाही.

उपाय ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रावरून यंत्राने अक्षरं ओळखणं. हे काम करणाऱ्या टेसरॅक्टमध्ये मराठीची सोय आहे, ती पीडीएफसाठीच्या ओसीआरमायपीडीएफमधून चालवली. विंडोजवर हे सरळ बसवायला त्रास होतो, म्हणून विंडोजच्या आत उबंटू चालवून तिथे बसवलं. मराठीचा भाग वेगळा बसवावा लागतो, तो विसरला तर इंग्रजी समजूनच वाचन होतं.

मग पहिली अडचण: ‘या फाइलीत मजकूर आधीच आहे’ म्हणून काम थांबलं. बरोबरच आहे, मजकूर आहे पण निरुपयोगी आहे. मजकूर असलेली पानं वगळण्याचा पर्याय दिला तर सगळीच पानं वगळली गेली. शेवटी ‘फोर्स-ओसीआर’ हा पर्याय लागला. तो प्रत्येक पानाचं चित्र करतो आणि त्यावर नव्याने वाचन करतो. फाइल फुगते, ते सोसायचं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा एकत्र सांगितल्या, कारण आमच्या पुस्तकांत तळटीपा इंग्रजी असतात. मोठ्या पुस्तकाला माझ्या लॅपटॉपवर इतका वेळ लागतो की रात्री लावून झोपणं बरं. वीज गेली तर सकाळी परत पहिल्यापासून, म्हणून पुस्तक प्रकरणांनी तोडून घेते.

निकाल: संगणकावर जुळवलेल्या पुस्तकांचं वाचन चांगलं. खिळ्यांच्या छपाईतल्या जुन्या पुस्तकांत जोडाक्षरं चुकतात, पण शोधापुरतं चालतं. उद्धृत करताना मात्र चित्राकडे बघूनच लिहायचं.

क्रम महत्त्वाचा: ओसीआर आधी, रेघा नंतर. उलट झालं तर रेघ जागेवर राहते पण तिच्याबरोबरचा मजकूर जुनाच कचरा राहतो. दोन पुस्तकांच्या रेघा परत ओढाव्या लागल्या.

मोडीला यातलं काही लावलं नाही. फोटोंची पीडीएफ करते, झोटेरोत चौकोन ओढून तेवढा भाग निवडते आणि टिप्पणीत देवनागरीत लिप्यंतर लिहिते. हे लिप्यंतर मात्र शोधात सापडतं, म्हणजे पुढे-मागे तोच खरा ऐवज.

५ जुलै

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरचा खंड, २४ वा, १८८६ चा. स्कॅनला पुढे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका वगैरे पानं असल्यामुळे झोटेरोतला पान क्रमांक आणि छापील क्रमांक जुळेना. रेघेच्या मेन्यूतून पान क्रमांक बदलता येतो, तो एका रेघेला बदलून थांबू नये, पुढच्यांनाही लावावा. मध्ये बिनक्रमांकाचा नकाशा आला की फरक परत सरकतो. आता प्रत्येक स्कॅनला सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी ताळा करून मगच वाचायला घेते.

११ जुलै

झोटेरोतल्या रेघा ऑब्सिडियनमध्ये आणण्यासाठी ‘झोटेरो इंटिग्रेशन’ हे प्लगइन. नोंद कशी दिसावी याचा साचा आपण लिहायचा असतो. माझ्या साच्यात वर साइट-की, लेखक, वर्ष, मूळ सन. मध्ये ‘माझ्या शब्दांत’ हा भाग. खाली रेघा आणि प्रत्येक रेघेला झोटेरोतल्या त्याच पानावर नेणारा दुवा. दुव्यावर क्लिक केलं की पीडीएफ नेमक्या पानावर उघडते. मार्गदर्शक सरांनी ‘हे कुठे वाचलंत?’ विचारलं की लगेच दाखवता यावं, यासाठीच सगळा खटाटोप.

‘माझ्या शब्दांत’ खाली दोन दिवस लिहिलं. मग त्याच पुस्तकात आणखी रेघा ओढल्या आणि परत आयात केलं. प्लगइनने नोंद साच्याप्रमाणे नव्याने लिहिली, माझं लिखाण गेलं. ऑब्सिडियनच्या फाइल रिकव्हरीत जुनी प्रत मिळाली म्हणून बचावले.

यावर सोय आहे. साच्यात ‘पर्सिस्ट’ नावाच्या खुणांच्या जोडीत ठेवलेला भाग पुन्हा आयात करताना तसाच ठेवला जातो. आधी एका रिकाम्या नोंदीवर दोनदा आयात करून बघा, मग खरं लिहायला घ्या.

१९ जुलै

इंग्रजी व्हिडिओंत दाखवतात: शब्दाभोवती दुहेरी चौकटी कंस टाका, दुवा तयार. ‘न जोडलेले उल्लेख’ ऑब्सिडियन आपणहून शोधून देतं. शब्द जसाच्या तसा राहतो हे गृहीत धरूनच ही व्यवस्था आहे. आमच्याकडे विभक्ती लागली की शब्द बदलतो. कोल्हापूर, पण कोल्हापुरात. पंचगंगा, पण पंचगंगेला. रंकाळा, पण रंकाळ्यावर. धरण, पण धरणाच्या.

पहिल्या महिन्यात मी वाक्यातला शब्द निवडून कंस टाकत गेले. परिणाम: ‘राधानगरीच्या’, ‘राधानगरीत’, ‘राधानगरीला’ अशा तीन वेगळ्या जागा, आणि त्यांवर क्लिक केल्यामुळे तीन कोऱ्या नोंदी. न जोडलेल्या उल्लेखांत कोल्हापूरची यादी फारच तोकडी, कारण मजकुरात बहुतेक वेळा ‘कोल्हापुरा-’ असतं.

काय काय करून पाहिलं:

कंस मूळ शब्दाभोवती, प्रत्यय बाहेर. भोगावती आणि राधानगरीला हे छान चालतं, कारण मूळ शब्द बदलत नाही. धरणाला चालत नाही. ‘धरण’ कंसात आणि पुढचा काना बाहेर राहिला की लिहिताना तो काना ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळतो. रंकाळ्याला तर प्रश्नच नाही.

सगळी रूपं उपनावं म्हणून नोंदवणं. नोंदीच्या गुणधर्मांत ‘एलियासेस’ देता येतात. रंकाळ्याची रूपं लिहायला बसले, मग ‘रंकाळ्याकाठच्या’ला थांबले. उपनावं ठेवायची ती खऱ्या दुसऱ्या नावांसाठी: राधानगरी धरणाला लक्ष्मी तलाव, भोगावतीवरचं धरण. त्यासाठी ही सोय फार कामाची आहे, कारण कागदांत एकच गोष्ट तीन नावांनी येते.

उभी रेघ. कंसात आधी मूळ नाव, मग उभी रेघ, मग वाक्यातलं रूप. बरोबर आहे पण लिहिताना विचार तुटतो.

शेवटी स्थिरावलं ते हे. वाक्यात दुवे टाकायचेच नाहीत. परिच्छेदाखाली ‘संबंध:’ अशी एक ओळ आणि तिथे मूळ रूपातले दुवे. खरोखर महत्त्वाच्या जागीच उभ्या रेघेची पद्धत. यातून अनपेक्षित फायदा झाला: परिच्छेद कशाबद्दल आहे ते दर वेळी ठरवावं लागतं, आणि पुष्कळदा कळतं की तो कशाबद्दलच नाही.

शोधासाठी अर्धा शब्द. ‘रंकाळ’, ‘पंचगंग’ एवढंच टाकलं की सगळी रूपं सापडतात. कोल्हापूरसाठी तिरप्या रेघांमध्ये ‘प’नंतर चौकटी कंसात ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही उकार देऊन नमुना-शोध करते. जुन्या शुद्धलेखनातल्या ‘नाहीं’, ‘पाणीं’च्या अनुस्वारांवरही अर्ध्या शब्दाचाच उतारा.

एक चोर अजून सापडला. ‘बंधाऱ्याची’ हा शब्द लॅपटॉपवर लिहिलेल्या नोंदींत मिळत होता, फोनवर लिहिलेल्यांत नाही. दिसायला दोन्ही सारखे. हे अर्धं र दोन कीबोर्ड दोन वेगळ्या प्रकारे लिहितात आणि यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. फाइली साध्या मजकुराच्या असल्याने बाहेरच्या संपादकातून एका झटक्यात सगळीकडे बदलून घेतलं. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा माझ्या प्रबंधात पानापानावर आहे, हे लवकर कळलं ते बरं झालं.

२७ जुलै

पाऊस. वीज येते-जाते. फोन हातातच असतो, राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायला. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट हे आकडे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. वीज नसताना फोनवर लिहिता यावं म्हणून सिंकथिंग हे फाइली जुळवणारं सॉफ्टवेअर लावलं. लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर असले की फाइली परस्पर जुळतात, पैसे नाहीत.

काही नोंदी फोनवर येईनात. लॅपटॉपवर त्याच नोंदी ठणठणीत. कारण निघालं नावाची लांबी. अँड्रॉइडवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोज बाइट मोजत नाही, म्हणून तिथे चालतं. मी नोंदीचं नाव म्हणून पूर्ण वाक्य द्यायची पद्धत उचलली होती. इंग्रजीत ते बसतं, मराठीत नाही. आता नाव पाच-सहा शब्दांचं, वाक्य आत पहिल्या ओळीत. नावं ऑब्सिडियनच्या आतूनच बदलायची म्हणजे दुवेही बदलतात. बाहेरून बदलली तर तुटतात.

दोन्हीकडे एकच नोंद उघडी ठेवू नये. नाहीतर ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ नावाची जुळी फाइल तयार होते आणि मग ओळ न् ओळ ताडून बघा.

बॅकअपची डिस्क आमच्या शाहूपुरीतल्या तळमजल्यावर होती. २०१९ आणि २०२१ ला या भागात पाणी शिरलं होतं. डिस्क आर. के. नगरला मावशीकडे नेऊन ठेवली. दर रविवारी जेवायला जाते तेव्हा लॅपटॉप नेऊन प्रत काढते. मावशी म्हणते, ‘पोरी, यासाठी तरी येतीस!’ झोटेरो बंद करून मगच फोल्डरची प्रत काढायची, हे डिस्कवरच चिठ्ठी चिकटवून लिहिलं आहे.

१० ऑगस्ट

नोंदींमधले दुवे दाखवणारा ऑब्सिडियनचा तो ठिपक्यांचा आलेख. दिसायला झकास, विभागातल्या सगळ्यांना दाखवला, कामाचा शून्य. शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले, ‘मॅडम, सरळ वर्डात लिहा की!’

आलेखाऐवजी हाताने लिहिलेल्या दोन सूची-नोंदी कामाला आल्या. एक कालक्रमाची, दुसरी पाण्याच्या जागांची: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, मग चिखलीचा संगम, मग बंधारे, मग शहरातले तलाव. वरून खाली, पाणी वाहतं त्या क्रमाने. प्रकरणांचा क्रमही यातूनच बदलला. आधी मी राजवटींप्रमाणे प्रकरणं पाडली होती.

२४ ऑगस्ट

वर्डमध्ये पहिलं प्रकरण, झोटेरोच्या जोडणीसह. तळटीपा आपोआप येतात, ही मात्र खरी चैन.

अडचण: सूचीची भाषा अख्ख्या दस्तऐवजाला एकच असते. मराठी संपादित ग्रंथापुढेही इंग्रजी ‘एड.’ येतं, ‘संपा.’ येत नाही. शिवाय आमच्याकडे सूची विभागून द्यावी लागते: अप्रकाशित साधनं, मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिकं. झोटेरो वर्डमध्ये एकच सलग सूची टाकतं.

तोडगा: झोटेरोत प्रत्येक विभागाचा वेगळा संग्रह. प्रत्येक संग्रहावरून ‘संदर्भसूची तयार करा’ म्हणून वेगळी सूची काढून वर्डमध्ये चिकटवली, मराठी विभागात ‘एड.’चं ‘संपा.’ केलं. तळटीपांतला बदल मात्र अगदी शेवटच्या प्रतीत, झोटेरोशी जोडणी तोडल्यावर. जोडलेल्या प्रतीत हाताने बदललं तर पुढच्या ताज्या करण्यात तळटीप परत पहिल्यासारखी होऊ शकते. जोडलेली प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवायची.

९ सप्टेंबर

खर्च: डिस्क साडेचार हजार, झेरॉक्स आणि स्कॅनिंग मिळून तीन हजारांच्या पुढे. सॉफ्टवेअरला एक रुपया नाही. वेळ सर्वांत जास्त गेला तो तारखांत आणि ओसीआरमध्ये.

बाकी राहिलेलं: ‘संशयित’ टॅगचे मोडी कागद, त्यांतल्या काहींवर महिना आहे पण शाई फुटली आहे. १९२२ नंतरचे अहवाल अजून जुन्या ‘नवीन २’ फोल्डरातच पडले आहेत. दुसऱ्या प्रकरणाच्या तळटीपा जुन्या वर्ड फाइलीतून झोटेरोत आणायच्या आहेत, आणि त्या एकेक हातानेच कराव्या लागणार. पुढच्या आठवड्यात कळंब्यापासून सुरुवात.